खारदुंग ला ते लेह: मित्रांसोबत सायकलवरून उतरताना

लडाखमधल्या खारदुंग ला या खिंडीच्या जुन्या पाटीवर १८,३८० फूट लिहिलेलं असतं. खिंडीची खरी उंची ५,३५९ मीटर, म्हणजे साधारण १७,५८२ फूट. खाली लेह ३,५०० मीटरच्या आसपास, आणि मधे जेमतेम ४० किलोमीटर रस्ता. सायकली जीपवर लादून वर जायचं आणि उतरत यायचं, ही इथली रीत. पायडल फारसं मारावं लागत नाही, म्हणून लोक याला सोपं समजतात. पण घात दोन गोष्टी करतात: विरळ हवेत मंदावलेलं डोकं आणि तापलेले ब्रेक. दोन्हींची तयारी आधीच करावी लागते.

लेहमधले पहिले दिवस

विमानाने लेहला उतरलात तर पहिले ४८ तास फक्त आराम. बाजारात फेरफटका चालेल, जिना धावत चढणं नको, दारू तर अजिबात नको. तिसऱ्या दिवशी सिंधूच्या काठाने शे गावापर्यंत हलकी सायकल चालवा. खिंड चौथ्या किंवा पाचव्या दिवशी. सुट्टी कमी आहे म्हणून हे दिवस छाटायचे नाहीत. तसं असेल तर खिंडच रद्द करा. सिंहगडाचा घाट ब्रेकिंगच्या सरावाला उत्तम, पण उंचीची सवय तिथे होत नाही.

उंचीचा त्रास टाळायची गोळी, अ‍ॅसिटाझोलामाइड (डायमॉक्स), घ्यायची की नाही, हे निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा. सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर ते आवर्जून सांगा. नेहमीचा डोस १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढायच्या आदल्या दिवसापासून. या गोळीने बोटांना मुंग्या येतात, त्यामुळे हँडल धरून बोटं बधिर झाली, थंडीने की गोळीने, हे कळेनासं होतं. ग्रुपमध्ये कोण गोळी घेतंय, हे सगळ्यांना माहीत असू द्या.

सकाळी कुणाचं डोकं दुखत असेल, मळमळत असेल, तर त्याने वर जायचं नाही. मित्रांच्या आग्रहाला इथे जागा नाही.

सायकल

पुढे १०० ते १२० मिलिमीटर सस्पेन्शन, २.२ इंची टायर, हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणारे) डिस्क ब्रेक आणि शक्यतो पुढची डिस्क १८० मिलिमीटरची. लेहमध्ये भाड्याने सायकली मिळतात, पण आदल्या संध्याकाळीच ताब्यात घ्या. चाक काढून ब्रेक पॅड बघा: पत्र्यावरचा घासणारा थर १ मिलिमीटरपेक्षा कमी उरला असेल तर पॅड बदला. लिव्हर दाबल्यावर स्पंजासारखं लागलं तर तेलात हवा शिरली आहे. ती काढून घ्या किंवा दुसरी सायकल मागा. लांब उतारासाठी मेटल पॅड घ्या. रेझिनचे पॅड शांत चालतात, पण जास्त तापले की गुळगुळीत होतात आणि पकड जाते.

स्वतःची सायकल विमानाने आणत असाल तर चाक काढल्यावर पॅडच्या मधे प्लॅस्टिकची पट्टी घाला. चाक नसताना चुकून लिव्हर दाबला गेला तर पॅड ढकलणारे पिस्टन बाहेर येतात आणि डिस्क आत बसत नाही. चेनला तेल घालताना डिस्कवर फडकं धरा. एक थेंब उडाला तरी पॅड बाद.

टायरमधली हवा लेहलाच भरा. ७० किलोच्या माणसाला ट्यूबच्या टायरमध्ये पुढे २८, मागे ३२ पीएसआय पुरे. वर बाहेरचा दाब घटल्याने हे आकडे साधारण २ पीएसआयने वाढायला हवेत, पण थंडीने जवळपास तेवढेच घटतात, त्यामुळे खिंडीत पंप काढायची गरज नसते. सीट ५-६ सेंटिमीटर खाली घ्या.

पाच जणांमागे दोन पंप, चार ट्यूब, पॅचकिट, मल्टिटूल, क्विक लिंक (तुटलेली चेन जोडायची कडी) आणि त्याच मॉडेलच्या ब्रेकचे दोन जोड पॅड. पॅडचे आकार वेगवेगळे असतात, दुसऱ्याचे बसतीलच असं नाही.

वर

हंगाम जून ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत. फार पहाटे रस्त्यावरच्या ओलीचा बर्फाचा पातळ थर झालेला असतो, दुपारी वितळलेल्या पाण्याचे ओहोळ रस्ता ओलांडतात. म्हणून उतरायला सुरुवात नऊ-दहाच्या सुमारास करा. खिंडीत पंधरा-वीस मिनिटांवर थांबू नका.

सायकलवर बसण्याआधी प्रत्येकाला टाचेला अंगठा लावत सरळ रेषेत दहा पावलं चालायला लावा. तोल गेला, बोलणं अडखळलं, किंवा बसल्या जागी धाप लागली, तर त्याला लगेच जीपमध्ये बसवा, ऑक्सिजन लावा आणि थेट खाली न्या. यासाठीच जीप शेवटपर्यंत ग्रुपच्या मागे हवी.

उतार

पायडल आडवी, समान उंचीवर; ढुंगण सीटवरून थोडं उचलून मागे; गुडघे-कोपरं सैल. दोन्ही लिव्हरवर एकेक बोट. ब्रेक सतत हलके दाबून धरायची सवय सगळ्यात वाईट: पॅड थंडच होत नाहीत. वळणाआधी ठाम दाबा, वेग पाडा, सोडा, मग वळा. खडीत पुढचा ब्रेक वळणात दाबला की पुढचं चाक निसटतं. लिव्हर हँडलपर्यंत येऊ लागला किंवा जळका वास आला, तर थांबून दहा मिनिटं द्या. पाणी ओतू नका, डिस्क वाकते. हातही लावू नका, भाजेल.

खडीत दोघांत ३० मीटर अंतर ठेवा. पुढच्याला कुणी ओलांडायचं नाही. सगळ्यात मागे अवजारं आणि औषधांची पिशवी असलेला जाणता गडी. अंध वळणावर उजवीकडे कापू नका, लष्कराचे ट्रक चढत असतात. ताफा आला तर सगळ्यांनी डोंगराच्या बाजूला उतरून उभं राहायचं, दरीच्या कडेला नाही.

साउथ पुल्लूच्या चौकीवर, म्हणजे लेहच्या सुमारे २४ किलोमीटर आधी, कागद तपासतात; ओळखपत्र सहज हाताला लागेल असं ठेवा. इथे वारारोधक जाकिटाच्या आतला एक थर काढा, पाणी प्या, पुन्हा एकदा पॅड बघा. खालचा रस्ता गुळगुळीत आहे, हवा दाट होते, सगळे सैलावतात आणि वेग बघता बघता वाढतो. वरच्या खडीपेक्षा जास्त जपायला हवं ते इथे. गंगलस गावाजवळ कुत्री आणि गुरं रस्त्यात येतात.

लेहला पोचल्यावर कुणाचं डोकं दुखत राहिलं, तर त्या रात्री त्याला खोलीत एकटं झोपू देऊ नका, आणि दुखणं वाढलं तर सकाळची वाट न बघता दवाखान्यात न्या.