निर्बंध उठल्यावर कोविडसोबत रोजचं जगणं कसं आखावं

जागतिक आरोग्य संघटनेने ३० जानेवारी २०२० रोजी जाहीर केलेली कोविडची आणीबाणी ५ मे २०२३ रोजी मागे घेतली. विषाणू काही गेला नाही. तो रूप बदलत राहतो आणि वर्षभरात कधीही डोकं वर काढतो. फरक पडला तो दुसऱ्याच बाबतीत. मास्क कधी लावायचा, आजारी पडल्यावर किती दिवस घरात थांबायचं, किती माणसांनी एकत्र जमायचं, हे पूर्वी नियम ठरवत होते. आता ते घराघरात ठरवावं लागतं, आणि बहुतेक घरांत ते ठरतच नाही. मग कुणाला तरी ताप येतो, "साधी सर्दी असेल" म्हणत दोन दिवस जातात, आणि तोवर आजीलाही खोकला सुरू झालेला असतो.

म्हणून सगळे ठणठणीत असतानाच एकदा बसून पुढच्या गोष्टी ठरवा. घरातल्या सर्वांत नाजूक तब्येतीच्या माणसाला डोळ्यांसमोर ठेवून ठरवा. त्याला झेपेल अशी घडी बसवली की बाकीच्यांची काळजी त्यात आपोआप घेतली जाते.

पायरी १ : जास्त धोका कुणाला आहे ते आधी पाहा

कोविड गंभीर होण्याचं सर्वांत मोठं कारण वय. त्यानंतर मधुमेह, हृदयविकार, फुफ्फुसांचे आणि मूत्रपिंडाचे जुने आजार, लठ्ठपणा, गरोदरपण. कर्करोगावर उपचार चालू असलेल्या किंवा अवयव प्रत्यारोपण झालेल्या माणसांची प्रतिकारशक्ती औषधांमुळे कमी झालेली असते, त्यांची खास काळजी घ्यावी लागते. घरात राहणाऱ्यांपुरतं थांबू नका. नेहमी येणारे नातेवाईक, शेजारचे एकटे राहणारे वयस्कर गृहस्थ, घरकामाला येणाऱ्या बाई, त्यांच्या घरचे, हेही विचारात घ्या.

यातल्या प्रत्येकाशी बोला. "तुम्हाला काय सोयीचं वाटेल?" असं सरळ विचारा. काहींना घरात सगळ्यांनी जपून राहावं असं वाटत असतं, पण भिडेपोटी ते बोलत नाहीत. काहींना माणसांची ये-जा थांबलेली अजिबात नको असते. दोन्ही इच्छांना मान द्यायला हवा.

याच बैठकीत एक काम उरकून टाका. धोक्यातल्या माणसाची चालू औषधं, त्यांची मात्रा आणि डॉक्टरांचा फोन नंबर कागदावर लिहून ठेवा. हा कागद का लागतो ते पायरी ६ मध्ये कळेल.

पायरी २ : लसीचं विचारून घ्या

लस घेऊनही कोविड होतो, हे आता सगळ्यांना माहीत आहे. संसर्ग टाळण्याची तिची ताकद काही महिन्यांत ओसरते. आजार गंभीर होऊ न देण्याची ताकद त्याहून जास्त टिकते, आणि वयस्करांच्या बाबतीत मोलाची तीच. विषाणू बदलतो तशी लसही वेळोवेळी बदलली जाते. पुढचा डोस कुणाला आणि कधी, हे वय, आजार आणि आधीचा संसर्ग यांवर ठरतं, तेव्हा डॉक्टरांना विचारा.

पायरी ३ : घरातली हवा खेळती करा

माझ्या मते सगळ्यात जास्त लक्ष द्यावं ते इथेच, आणि सगळ्यात कमी दिलं जातं तेही इथेच. सुरुवातीच्या काळात आपण पिशव्या पुसल्या, दारांच्या कड्या धुतल्या. कोविड मुख्यतः पसरतो तो श्वासातून. बोलताना, गाताना, खोकताना, अगदी शांत बसलेलं असतानाही नाकातोंडातून अतिशय बारीक कण बाहेर पडतात, आणि बंद खोलीत ते बराच वेळ तरंगत राहतात. कुणी खोलीत सिगारेट ओढली तर धूर कसा पसरतो आणि माणूस उठून गेल्यावरही कसा रेंगाळतो, ते आठवा. विषाणूचे कण जवळपास तसेच वागतात. माणूस दूर बसलाय एवढ्यावर निर्धास्त राहता येत नाही ते यामुळेच.

उपाय साधे आहेत. समोरासमोरच्या दोन खिडक्या उघडा, म्हणजे हवा आरपार वाहते. एकच खिडकी असेल तर तिच्याजवळ पंखा बाहेरच्या दिशेने तोंड करून ठेवा. स्वयंपाकघरातला आणि न्हाणीघरातला एक्झॉस्ट पंखा पाहुणे असताना चालू राहू द्या. घरातले बहुतेक एसी खोलीतलीच हवा पुन्हा पुन्हा फिरवतात, बाहेरची आणत नाहीत. एसी लावायचाच असेल तर खिडकी थोडी किलकिली ठेवा. वीज थोडी जास्त जाईल, पण माणसं जमलेली असताना ते चालवून घ्यावं.

बाहेरची हवा घेणं शक्यच नसेल, तर हेपा फिल्टर (हवेतले अतिशय बारीक कण अडवणारी जाळी) असलेलं हवा शुद्ध करणारं यंत्र कामी येतं. असा फिल्टर ०.३ मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आकाराचे ९९.९७ टक्के कण अडवतो. यंत्र खोलीच्या मापाचं हवं. मोठ्या हॉलमध्ये कोपऱ्यात ठेवलेल्या छोट्या यंत्राचा फारसा उपयोग नाही. अमेरिकेतल्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने तासाला किमान ५ वेळा खोलीतली हवा बदलावी किंवा तितकी स्वच्छ हवा मिळावी, असं उद्दिष्ट सुचवलं आहे.

शाळा, कार्यालय, शिकवणीचा वर्ग अशी जागा तुमच्या हातात असेल, तर कार्बन डायऑक्साइड मोजणारा छोटा मीटर जरूर घ्या. बाहेरच्या हवेत हे प्रमाण साधारण ४२० पीपीएमच्या, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ४२० भागांच्या आसपास असतं. खोलीत ते ८०० च्या खाली राहिलं तर हवा बऱ्यापैकी बदलते आहे असं समजावं. आकडा चढत गेला, की दुसऱ्यांनी सोडलेली हवा आपण पुन्हा आत घेतोय. दोन गोष्टी मात्र ध्यानात असू द्या. गॅसची शेगडी पेटलेली असेल तर आकडा तिच्यामुळेही वाढतो. आणि हेपा यंत्र विषाणूचे कण काढतं, कार्बन डायऑक्साइड काढत नाही. त्यामुळे यंत्र चालू असताना आकडा जास्त दिसला तरी हवा तितकी धोकादायक असेलच असं नाही.

हात धुणं सोडू नका. जुलाब, फ्लू आणि इतर कितीतरी आजार त्याने टळतात.

पायरी ४ : मास्क कुठे लावायचा ते ठरवून टाका

दिवसभर मास्क लावून कुणी जगू शकत नाही. त्यामुळे जागा आणि प्रसंग निवडा. दवाखान्यात किंवा रुग्णालयात जाताना, खच्चून भरलेल्या बंद वाहनात, खिडक्या नसलेल्या खोलीतल्या लांबलेल्या बैठकीत, आणि धोक्यातल्या माणसाला भेटायला जाताना मास्क असावा. एखादं महत्त्वाचं कार्य, शस्त्रक्रिया किंवा प्रवास ठरला असेल, तर आधीच्या आठवड्यात गर्दी टाळावी आणि मास्क जरा जास्त वापरावा.

कापडी मास्कपेक्षा एन९५ किंवा त्याच्याच तोडीचा एफएफपी२ मास्क कितीतरी चांगला. पण तो चेहऱ्याला सगळीकडून चिकटून बसला पाहिजे. मास्क लावून जोरात श्वास सोडा आणि कडांभोवती हात धरा. हाताला किंवा डोळ्यांना वारा लागला तर फट आहे. नाकावरची पट्टी दाबा, तरीही बसत नसेल तर दुसऱ्या आकाराचा घ्या. दाढी असेल तर फट राहतेच.

आणि एक कळकळीची विनंती. दुसऱ्या कुणी मास्क लावला असेल तर "अजून काय मास्क?" असं विचारू नका. त्या माणसावर केमोथेरपी चालू असेल, त्याच्या घरी तान्हं बाळ असेल. ते सगळ्यांसमोर सांगायची वेळ त्याच्यावर आणू नये.

पायरी ५ : लक्षणं दिसताच घरी थांबा आणि तपासा

घसा खवखवणं, नाक वाहणं, अंगदुखी, ताप, खोकला, थकवा. ओमायक्रॉन आल्यापासून कोविडची सुरुवात अशी साध्या सर्दीसारखी होते, आणि वास जाण्याची तक्रार पूर्वीपेक्षा बरीच कमी झाली आहे. लक्षणांवरून फ्लू की कोविड हे ओळखता येत नाही. म्हणून आजार अंगावर काढत कामावर किंवा शाळेत जाऊ नका. लक्षणं सुरू होण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच माणूस संसर्ग पसरवू शकतो, तेव्हा त्या दोन दिवसांत ज्यांच्यासोबत बराच वेळ घालवला त्यांना लगेच कळवा. कळवण्यात लाज वाटण्यासारखं काहीच नाही.

घरी करायच्या अँटिजेन चाचणीबद्दल एक गैरसमज फार आहे. पहिल्या दिवशी ती निगेटिव्ह आली म्हणजे कोविड नाही, असं नसतं. सुरुवातीला नाकात विषाणू कमी असतो, त्यामुळे चाचणी चुकते. लक्षणं असतील तर ४८ तासांनी पुन्हा करा. पाकिटावर लिहिलेल्या वेळेतच निकाल वाचा, उशिरा उमटलेली पुसट रेघ धरू नका. मुदत संपलेलं किट वापरू नका. पॉझिटिव्ह निकाल मात्र बहुधा खराच असतो.

आजारी माणसाला जमलं तर वेगळी खोली द्या आणि तिची खिडकी उघडी ठेवा. वेगळी खोली नसेल तर तो आणि त्याची देखभाल करणारा, दोघांनीही मास्क लावावा, आणि झोपताना जमेल तितकं अंतर ठेवावं. देखभालीचं काम धोक्यातल्या माणसाकडे देऊ नका. पुष्कळ घरांत ते सवयीने आजीकडेच जातं.

किती दिवस थांबायचं? सीडीसीने मार्च २०२४ मध्ये दिलेला सल्ला व्यवहार्य आहे. तापाचं औषध न घेता २४ तास ताप आला नाही आणि एकूण तब्येत सुधारत असेल, तर बाहेर पडायला हरकत नाही. पण पुढचे ५ दिवस मास्क लावा आणि खेळत्या हवेत वावरा. मी त्यात एक भर घालेन. अँटिजेन चाचणी पॉझिटिव्ह येते आहे तोवर वयस्कर किंवा आजारी माणसाला भेटायला जाऊ नका, तुम्हाला कितीही बरं वाटत असलं तरी.

घरी थांबणं सगळ्यांना परवडत नाही, हेही तितकंच खरं. ज्यांचा एक दिवस बुडला की त्या दिवसाचे पैसे बुडतात, त्यांना "आराम करा" सांगून काय होणार? तुमच्याकडे कुणी कामाला असेल तर आजारपणात पगार कापणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवा. ते कळलेलं असलं तरच माणूस ताप लपवत नाही.

पायरी ६ : औषधांत घाई कुठे करायची, कुठे नाही

बहुतेकांना विश्रांती, भरपूर पाणी आणि तापासाठी पॅरासिटामॉल एवढं पुरतं. अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाहीत. स्टेरॉइड स्वतःहून कधीच घेऊ नका. ब्रिटनमध्ये कोविडवरची औषधं रुग्णांवर तपासणाऱ्या 'रिकव्हरी' या चाचणीने २०२० मध्ये दाखवून दिलं, की डेक्सामेथासोन या स्टेरॉइडने ऑक्सिजन लागणाऱ्या रुग्णांचे प्राण वाचतात, मात्र ज्यांना ऑक्सिजनची गरज नाही त्यांना त्याचा फायदा होत नाही.

घाई करायची ती धोक्यातल्या माणसाच्या बाबतीत. त्यांच्यासाठी विषाणूविरोधी गोळ्या आहेत, पण पॅक्सलोव्हिडसारखं औषध लक्षणं सुरू झाल्यापासून ५ दिवसांच्या आत सुरू करावं लागतं. "दोन दिवस वाट बघू" म्हणण्यात ती मुदत निघून जाते. पहिल्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा आणि पायरी १ मधला कागद हाताशी ठेवा. कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्या, रक्त पातळ करणारी काही औषधं आणि इतरही अनेक औषधं पॅक्सलोव्हिडसोबत चालत नाहीत.

ऑक्सिमीटर (बोटाला लावून रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी दाखवणारं यंत्र) असेल तर पाच मिनिटं शांत बसून, हात गरम करून, नेलपॉलिश काढून मोजा. आकडा स्थिरावेपर्यंत थांबा. सावळ्या किंवा काळ्या त्वचेवर हे यंत्र कधी कधी खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवतं, म्हणून एकट्या आकड्यावर विसंबू नका. आधीच्या मोजणीपेक्षा तो उतरतोय का ते पाहा. निरोगी माणसाचा आकडा ९३-९४ वर आला तर डॉक्टरांना कळवा, ९२ किंवा त्याखाली गेला तर थेट रुग्णालय गाठा. फुफ्फुसांचा जुना आजार असेल तर नेहमीचाच आकडा कमी असू शकतो, त्याची मर्यादा डॉक्टरांकडून आधी घेऊन ठेवा. आकडा काहीही असो, बसल्या जागी दम लागणं, छातीत सतत दुखणं, बरळणं, जागं न होणं, ओठ निळसर पडणं यांपैकी काहीही दिसलं तर थांबू नका.

पायरी ७ : बरं झाल्यावर लगेच धावू नका

ताप गेला की माणसं दुसऱ्या दिवशी व्यायामाला, जिने चढायला, साठलेलं काम उपसायला लागतात. आधी थोडं चाला. दुसऱ्या दिवशी शरीर काय सांगतं ते बघा, मग वाढवा. छातीत धडधडलं, दुखलं किंवा भोवळ आली तर व्यायाम थांबवून तपासून घ्या.

काहींचा त्रास लांबतो. कोविड होऊन साधारण तीन महिने झाल्यावरही लक्षणं असतील, ती किमान दोन महिने टिकली असतील आणि त्यांना दुसरं कारण सापडत नसेल, तर जागतिक आरोग्य संघटना त्या स्थितीला लाँग कोविड मानते. थकवा, दम लागणं, विसरायला होणं, झोप न लागणं ही त्याची नेहमीची लक्षणं. आजार सौम्य झालेल्यांना आणि मुलांनाही तो होऊ शकतो. त्याचं निदान करणारी एकच एक चाचणी नाही, आणि रक्ताचे रिपोर्ट चांगले आले म्हणून त्रास खोटा ठरत नाही.

काही रुग्णांना श्रम केल्यावर लगेच नाही, तर काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी गळून गेल्यासारखं होतं. अशांनी जोर लावून व्यायाम वाढवू नये. कामाचे छोटे तुकडे करावेत आणि थकायच्या आधी थांबावं. वहीत रोज लिहा : काय काम केलं, किती वेळ, झोप कशी लागली, दुसऱ्या दिवशी तब्येत कशी होती. दोन-तीन आठवड्यांच्या नोंदी घेऊन डॉक्टरांकडे जा, आणि मंद झालेल्या मेंदूने सगळं आठवून सांगणं अवघड असल्यामुळे घरातल्या एकाला सोबत न्या.