घरच्या घरी गणित : पुस्तक निवडताना

पहिलं पुस्तक मी चित्रं बघून घेतलं. महिनाभरात लेक पानंच्या पानं सोडवायला लागली, मी खूश. एकदा सहज विचारलं, १३ मधले ८ गेले तर? तिने बोटं मोजली, बोटं संपली आणि ती माझ्या हाताकडे बघू लागली.

तेव्हापासून कुठलंही पुस्तक हातात आलं की मी आधी हातच्याची वजाबाकी काढून बघते. ‘शेजारून एक उसना घ्या’ एवढंच लिहिलेलं असेल तर ते बाजूला. आधी काड्यांचा दहाचा गठ्ठा सोडायला लावतंय का, मग त्याचं चित्र आणि शेवटी आकडे? हा क्रम अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनर यांनी १९६०च्या दशकात मांडला. सिंगापूरच्या शाळांतल्या गणिताचा पायाही तोच. आम्ही १३ बटणं मांडली, दहाचा एक गट आणि तीन बाहेर. दहातून आठ काढली, उरली दोन, त्यात बाहेरची तीन. ‘पाच!’ म्हणाली, बोटं न मोजता.

काही पुस्तकं एकच विषय पक्का होईपर्यंत धरून ठेवतात, काही थोडं थोडं शिकवून पुन्हा त्याकडे वळतात. विसरभोळ्या मुलाला दुसरी बरी. माझी लेक मात्र सारखा विषय बदलला की वैतागते.

मराठीतून शिकवत असाल तर एकोणतीस, एकोणचाळीस यांना जादा वेळ द्या. ऐकू येतं तीस, लिहायचे २९!

विकत घेण्याआधी नमुन्याचा एक धडा मुलाबरोबर करून बघा. सहा वर्षांच्या मुलाला वीस मिनिटं पुष्कळ.