जुनं ड्रिलिंग घेतलंत? आधी चेंबर मोजा
वर छऱ्याच्या दोन नळ्या, खाली रायफलची एक, असं जुनं जर्मन ड्रिलिंग, म्हणजे तीन नळ्यांची बंदूक, हाती आलं की लगेच शिकारीला न्यावंसं वाटतं. थांबा. छऱ्याच्या जुन्या १६ बोअर नळीचं चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती जागा, अनेकदा ६५ मिमीच असतं. आजचं ७० मिमीचं काडतूस त्यात सहज बसतं, पण बार उडताना त्याचं दुमडलेलं तोंड पूर्ण उलगडायला जागा मिळत नाही आणि दाब धोकादायक वाढतो. बसलं म्हणजे चाललं, असं मुळीच नाही! नळ्या उतरवून खालचे चाचणीचे शिक्के पाहा. मुकुटाखाली ‘एन’ असेल तर धूरविरहित दारूची चाचणी झालेली आहे. रायफलच्या नळीचं मापही जाणकार गनस्मिथकडून घ्या, कारण ‘८ मिमी’ म्हणवणाऱ्या रायफलींत जुनी गोळी ८.०७ आणि नंतरची ८.२० मिमी जाडीची असते.