निकेल ऑक्साइडच्या नॅनोकणांत नको असलेला फेरोचुंबकी लूप: माझा अनुभव

ग्लायसिन-नायट्रेट ज्वलनाने (ग्लायसिन हे इंधन आणि निकेल नायट्रेट यांचे मिश्रण पेटवून) केलेले निकेल ऑक्साइड प्रतिफेरोचुंबकी असायला हवे, म्हणजे शेजारचे अणुचुंबक उलटसुलट राहून एकमेकांना रद्द करायला हवेत. व्हीएसएमवर (चुंबकत्व मोजणाऱ्या यंत्रावर) मात्र ३०० केल्विनला चुंबकनाच्या वक्रात फेरोचुंबकासारखा ठळक, संपृक्त होणारा लूप येत होता. रिकाम्या होल्डरचे वाचन वजा केले, फरक नाही. ७०० अंश सेल्सिअसवर भाजल्यावर लूप गेला, पण कणही वाढले. फार वैताग आला.

दोषी होते धातुरूप निकेल. इंधन जास्त झाले की ज्वलनात क्षपण होते, म्हणजे ऑक्सिजन निघून धातू उरतो, आणि १ टक्का निकेलही सुमारे ०.५५ ईएमयू (चुंबकनाचे एकक) प्रति ग्रॅम देते. एक्सआरडीत (क्ष-किरण विवर्तनात) निकेलचे ४४.५ अंशांचे शिखर ऑक्साइडच्या ४३.३ च्या रुंद शिखरात दडते, म्हणून निकेलचे दुसरे शिखर ५१.८ अंशांवर पाहा, तिथे ऑक्साइडचे शिखर नाही.

आधी ग्लायसिन आणि निकेल नायट्रेट यांचे मोल प्रमाण १.५ वरून ०.८ वर आणले. मग पूड अॅल्युमिनाच्या बोटीत २ मिमीहून पातळ पसरून, हवा खेळती ठेवून, मिनिटाला २ अंशांनी ४०० अंश सेल्सिअसपर्यंत नेऊन ४ तास ठेवली. थंड झाल्यावर अॅगेटच्या खलात घोटून पुन्हा तेच ४ तास. दुसरी फेरी गाळू नका, गुठळीच्या पोटातला धातू तिथेच जळतो. चमचा प्लास्टिकचाच, स्टीलचा कीसही लूप देतो.

आता वक्र जवळपास सरळ आहे. उरलेला बारीक वाक पृष्ठभागावरच्या असंतुलित स्पिनांचा (जोडीने रद्द न झालेल्या अणुचुंबकांचा), तो राहणारच.