ब्रिटनमध्ये डावा नेता निवडणूक जिंकेल का, याचा अंदाज कसा बांधावा

ब्रिटनमध्ये मजूर पक्षाने किंवा त्याच्याही डावीकडच्या एखाद्या पक्षाने नवा नेता निवडला, की एक प्रश्न हमखास विचारला जातो: हा माणूस फारच डावा आहे, सामान्य ब्रिटिश मतदार त्याला मत देईल का? बहुतेक जण याचे उत्तर नेत्याच्या भाषणांत शोधतात. माझ्या मते ते तिथे सापडत नाही. मते कोणत्या मतदारसंघांत पडतात आणि देशाचा कारभार या माणसाच्या हाती सोपवावा असे लोकांना वाटते का, या दोन गोष्टींत ते असते. कार्यक्रम किती डावा आहे, याचा क्रमांक त्यानंतर लागतो.

सुरुवात आकड्यांपासून करावी. हाउस ऑफ कॉमन्सच्या 650 जागा आहेत आणि निम्म्याहून अधिक, म्हणजे 326, जागा मिळाल्या की बहुमत होते. आपल्या लोकसभेची पद्धत तिथूनच आलेली असल्यामुळे, मतदारसंघात ज्याला सर्वाधिक मते तो विजयी, हा नियम आणि त्यातून होणारी मतविभागणी मराठी वाचकाला नव्याने समजावून सांगावी लागत नाही. तरीही ब्रिटनचा विचार करताना आपण हे विसरतो आणि थेट मतांच्या टक्केवारीवर येतो.

म्हणून कागदावर दोन निवडणुका शेजारी शेजारी मांडून पाहाव्यात. 2017 मध्ये जेरेमी कॉर्बिन यांच्या नेतृत्वाखाली मजूर पक्षाला 40 टक्के, म्हणजे जवळजवळ 1 कोटी 29 लाख मते मिळाली आणि जागा आल्या 262. 2024 मध्ये कीर स्टार्मर यांच्या नेतृत्वाखाली त्याच पक्षाला 33.7 टक्के, म्हणजे सुमारे 97 लाख मते मिळाली आणि जागा आल्या 411. 2019 च्या ज्या पराभवाचे उदाहरण आजही दिले जाते, त्यातसुद्धा कॉर्बिन यांच्या पक्षाला एक कोटीहून अधिक मते होती. या फरकाचे मोठे कारण विरोधकांच्या रकान्यात आहे. 2017 मध्ये उजव्या हुजूर (कॉन्झर्व्हेटिव्ह) पक्षाकडे 42 टक्क्यांहून थोडी अधिक मते एकवटली होती. 2024 मध्ये त्यांची 23.7 टक्क्यांपर्यंत घसरण झाली आणि त्यांच्याही उजवीकडच्या रिफॉर्म यूके पक्षाने 14.3 टक्के मते वेगळी नेली. तेव्हा डाव्या नेत्याची लोकप्रियता मोजण्यापूर्वी उजवीकडची मते एकत्र आहेत की फुटलेली आहेत, हे आधी लिहून काढावे.

हीच फूट डावीकडे पडली तर काय होते, हे 1983 मध्ये दिसले. मायकेल फूट यांच्या मजूर पक्षाला 27.6 टक्के मते आणि 209 जागा मिळाल्या, तर सोशल डेमोक्रॅट आणि लिबरल यांच्या आघाडीला 25.4 टक्के मते मिळूनही जागा फक्त 23 आल्या. मार्गारेट थॅचर यांच्या पक्षाची मते 1979 च्या तुलनेत किंचित कमी झाली होती, तरी त्यांच्या जागा इतर सगळ्यांच्या एकूण जागांपेक्षा 144 ने अधिक झाल्या. फूट यांचा जाहीरनामा अतिडावा असल्यामुळे ते हरले, हे स्पष्टीकरण खोटे नाही, पण अपुरे आहे.

यानंतर राष्ट्रीय सरासरी बाजूला ठेवून एखादा मतदारसंघ निवडावा आणि त्याचे किमान चार निकाल मागे जाऊन वाचावेत. मी डर्बीशायर परगण्यातला बोल्सोव्हर सुचवेन. हा कोळसाखाणींचा प्रदेश. स्वतः खाणकामगार राहिलेले मजूर पक्षाचे डेनिस स्किनर इथून 1970 पासून सलग निवडून येत होते. 2005 मध्ये त्यांचे मताधिक्य 18 हजारांच्या वर होते. 2015 मध्ये ते 11 हजारांच्या पुढे, 2017 मध्ये 5 हजारांच्या थोडे वर आले आणि 2019 मध्ये स्किनर 5 हजारांहून अधिक मतांनी हरले. यातली बारकाईने पाहण्याची गोष्ट 2017 ची आहे. त्या वर्षी स्किनर यांची स्वतःची मते 2015 पेक्षा वाढली होती. मताधिक्य घटले ते युरोपीय संघातून बाहेर पडण्याची मागणी करणाऱ्या यूकिप पक्षाला आधी पडलेली मते मोठ्या प्रमाणात हुजूर उमेदवाराकडे गेल्यामुळे. म्हणजे झीज कॉर्बिन नेते होण्याच्या कितीतरी आधी सुरू झालेली होती, खाणी बंद पडल्यानंतर पक्ष आणि वस्ती यांच्यातले नाते सैल होत गेले होते, आणि ब्रेक्झिटने त्यावर शेवटचा घाव घातला. एका नेत्यावर सगळे खापर फोडणारे विश्लेषण वाचताना हा मतदारसंघ डोळ्यांसमोर ठेवावा.

स्कॉटलंडचा हिशेब मात्र वेगळाच करावा. तिथे 2010 मध्ये 59 पैकी 41 जागा मजूर पक्षाकडे होत्या आणि 2015 मध्ये एकच उरली. या वाताहतीनंतर इंग्लंडमध्ये कितीही चांगली कामगिरी झाली तरी बहुमत गाठणे कोणत्याही मजूर नेत्यासाठी, डाव्या किंवा मध्यममार्गी, अतिशय कठीण झाले होते.

आता विश्वासाचा मुद्दा. जनमत चाचण्या वाचताना नवखा अभ्यासक इथेच फसतो. रेल्वेचे राष्ट्रीयीकरण करावे का, असे सुटे विचारले तर ब्रिटनमध्ये बहुसंख्य लोक होकार देतात. अतिश्रीमंतांवरचे कर वाढवण्यालाही भरपूर पाठिंबा दिसतो. यावरून देश डावीकडे झुकला आहे असा निष्कर्ष काढू नये. 2019 च्या नोव्हेंबरमध्ये मजूर पक्षाने घरोघरी मोफत ब्रॉडबँड देण्याचे आश्वासन दिले. आश्वासने एकेकटी आवडण्यासारखी होती, परंतु एकापाठोपाठ एक येऊ लागल्यावर, हे सगळे करायला पैसा कुठून आणणार, हा प्रश्न मतदाराच्या मनात मोठा होत गेला. म्हणून चाचणीत धोरणांच्या तक्त्याआधी दोन ओळी शोधाव्यात: पंतप्रधान म्हणून कोण अधिक योग्य, आणि अर्थव्यवस्था कोण अधिक चांगली सांभाळेल. 1992 आणि 2015 या दोन्ही वर्षी मतांचे अंदाज बरोबरीची लढत दाखवत होते आणि प्रत्यक्षात हुजूर पक्ष स्पष्टपणे पुढे राहिला. त्या त्या वेळचे मजूर नेते नील किनॉक आणि एड मिलिबँड हे दोघेही या दोन प्रश्नांवर मात्र आधीपासूनच मागे होते.

सुरक्षेची कसोटी याच विश्वासाचा भाग आहे. 2018 च्या मार्चमध्ये सॉल्झबरी येथे रशियन माजी हेरावर विषप्रयोग झाला, तेव्हा रशियाला थेट दोषी धरण्यात कॉर्बिन यांनी दाखवलेला संकोच त्यांच्यावर आयुष्यभर प्रेम करणाऱ्या मतदारांनाही खटकला असेल, असे मला वाटते. याउलट क्लेमेंट ॲटली पाहा. 1945 मध्ये त्यांनी 393 जागा जिंकून कोळसा, रेल्वे आणि रुग्णालये सरकारी मालकीत आणली, म्हणजे कार्यक्रमाने ते नंतरच्या कुणाहीपेक्षा कमी डावे नव्हते. पण निवडणुकीपूर्वी युद्धकाळातल्या संयुक्त सरकारात ते चर्चिल यांचे उपपंतप्रधान होते. लोकांनी त्यांना काम करताना पाहिले होते. नव्या डाव्या नेत्याबद्दल अंदाज बांधताना, या माणसाला कारभार करताना मतदाराने कधी पाहिले आहे का, महापौर म्हणून, मंत्री म्हणून, निदान एखाद्या नगरपालिकेत, हे जरूर तपासावे.

आजच्या घडीला डावीकडची जागाही एका पक्षाची राहिलेली नाही. 2024 मध्ये ग्रीन पक्षाने चार जागा जिंकल्या, कॉर्बिन स्वतः इस्लिंग्टन नॉर्थमधून अपक्ष म्हणून निवडून आले, आणि 2025 च्या सप्टेंबरमध्ये झॅक पोलान्स्की यांची ग्रीन पक्षाच्या नेतेपदी निवड झाली. त्यांच्याबाबतही मोजमाप तेच लावावे: मते किती वाढली याबरोबरच ती ब्रिस्टॉल, ब्रायटनसारख्या शहरांत साचत आहेत की जिंकण्याजोग्या शे-दोनशे जागांवर पसरत आहेत.

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी माणसासाठी हा प्रश्न केवळ अभ्यासाचा नाही. राष्ट्रकुलातला असल्यामुळे, वैध परवान्यावर तिथे राहणारा भारतीय नागरिक ब्रिटिश पासपोर्ट नसतानाही मतदार म्हणून नाव नोंदवून संसदेच्या निवडणुकीत मत देऊ शकतो, आणि इंग्लंडमधल्या मतदान केंद्रावर ओळख म्हणून भारतीय पासपोर्ट चालतो. अनेकांना हे माहीत नसते, म्हणून इथे मुद्दाम नोंदवतो. मुंबईत जन्मलेले शापुरजी सकलातवाला 1922 मध्ये लंडनच्या बॅटरसी नॉर्थमधून खासदार झाले आणि 1924 मध्ये कम्युनिस्ट म्हणून पुन्हा निवडून आले. शंभर वर्षांपूर्वीच्या लंडनने हा निर्णय दिला होता. भारतीय वंशाच्या मतदाराला डावीकडचा म्हणून गृहीत धरणेही आता चुकीचे ठरते. 2019 च्या मजूर अधिवेशनातल्या काश्मीरविषयक ठरावाने बरेच जण दुखावले होते. 2024 मध्ये देशभर पानिपत होत असताना हुजूर पक्षाने मजूर पक्षाकडून एकच जागा खेचून घेतली, ती लेस्टर ईस्ट. तिथे मजूर पक्षाचेच दोन माजी खासदार वेगळे उभे राहिल्याने मते फुटली होती.

पुढची सार्वत्रिक निवडणूक 2029 च्या ऑगस्टच्या मध्यापर्यंत व्हायलाच हवी. त्या रात्री दहा वाजता मतदान संपताच एक्झिट पोलचा आकडा जाहीर होईल. तो लिहून ठेवावा आणि ईशान्य इंग्लंडमधले पहिले निकाल येईपर्यंत जागे राहावे, कारण तिथली मोजणी लवकर आटोपते. 2019 मध्ये ब्लाइद व्हॅली हा खाणकामगारांचा जुना बालेकिल्ला हुजूर पक्षाने 712 मतांनी घेतला, तेव्हा मध्यरात्रही झाली नव्हती. असा निकाल हाती आला, की विजेत्याच्या नावाशी न थांबता प्रत्येक पक्षाची मते मागच्या वेळेपेक्षा किती वाढली किंवा घटली, हे चार रकान्यांत मांडावे आणि मजूर पक्षाची गेलेली मते नेमकी कोणत्या रकान्यात उतरली आहेत, ते पाहावे.