पेंटेकॉस्टचा अभ्यास कसा घ्यावा: सुरुवात जवाच्या पेंढीपासून

पेंटेकॉस्टवर, म्हणजे शिष्यांवर पवित्र आत्मा उतरल्याच्या सणावर, बायबल अभ्यास घ्यायचा म्हटलं की बहुतेक जण थेट प्रेषितांची कृत्ये, अध्याय २ उघडतात आणि पाठ तिथेच फसतो. त्या अध्यायाच्या पहिल्याच ओळीत पन्नासावा दिवस आल्याचं सांगितलं आहे. म्हणजे सण आधीपासून चालत आलेला होता आणि माणसं त्यासाठीच यरुशलेमात जमली होती. या पुस्तकाचा लेखक लूक तो सण समजावून सांगत बसत नाही, वाचकाला तो माहीत आहे असं धरून चालतो. आज समोर बसलेल्यांना मात्र तो माहीत नसतो. मग वारा, अग्नी आणि अन्य भाषा एवढंच लक्षात राहतं आणि हे सगळं त्याच दिवशी का घडलं, हा प्रश्नच कुणी विचारत नाही.

म्हणून दीड तास हाताशी असेल तर पहिली चाळीस मिनिटं जुन्या करारासाठी राखून ठेवा. वाचनं पाचच घ्या आणि याच क्रमाने: लेवीय २३:९–२२, अनुवाद १६:९–१२, निर्गम १९:१–१९, योएल २:२८–३२ आणि शेवटी प्रेषितांची कृत्ये २:१–४७. यापेक्षा जास्त उतारे घेतले की लोक पानं उलटण्यातच दमतात.

आधी मोजणी करून घ्या

कागदावर सात ओळी आणि सात रकाने आखा. झाले ४९ चौकोन. खाली एक चौकोन वेगळा काढा, तो पन्नासावा. पहिल्या चौकोनात ‘जव’ लिहा, पन्नासाव्यात ‘गहू’. आख्खा सण या दोन शब्दांत बसतो.

त्या प्रदेशात जव, म्हणजे सातू, आधी पिकतो आणि गहू काही आठवड्यांनी. निर्गम ९:३१–३२ मध्ये गारांनी जव झोडपला जातो, पण गहू उशिराचा असल्याने वाचतो, हा तपशील त्यामुळेच आला आहे. वल्हांडणाच्या, म्हणजे मिसरातून सुटकेच्या सणाच्या, दिवसांत कापणीतली पहिली पेंढी याजकाने परमेश्वरासमोर ओवाळायची आणि ती ओवाळेपर्यंत नव्या पिकाचा दाणाही तोंडात घालायचा नाही. त्या दिवसापासून सात पूर्ण आठवडे मोजायचे आणि पन्नासाव्या दिवशी नव्या गव्हाचं अर्पण आणायचं. हिब्रूत या सणाला शावुओत म्हणतात, म्हणजे ‘आठवडे’. मराठी बायबलमध्ये तो सप्ताहांचा सण आहे. ग्रीक बोलणाऱ्या यहूद्यांनी त्यालाच पेंटेकॉस्ट, म्हणजे ‘पन्नासावा’, हे नाव दिलं. ख्रिस्ताआधीच्या यहूदी लिखाणात, तोबीतच्या पुस्तकात आणि मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकात, ते सापडतं. तेव्हा हे नाव ख्रिस्ती लोकांनी पाडलेलं नाही, हे सुरुवातीलाच सांगून टाका.

आता जिथे हमखास घोळ होतो ती जागा. मोजायला सुरुवात कुठून करायची? लेवीय २३:११ आणि २३:१५ म्हणतात, शब्बाथाच्या दुसऱ्या दिवसापासून. पण शब्बाथ कुठला? यहूद्यांतला परूशी पंथ म्हणे, वल्हांडण सणाचा पहिला दिवस हाच इथला शब्बाथ (विसाव्याचा दिवस), म्हणून मोजणी निसान या यहूदी महिन्याच्या १६ तारखेपासून. सदूकी या दुसऱ्या पंथाच्या याजकी वर्तुळातला बैथूसी गट म्हणे, शब्बाथ म्हणजे नेहमीचा शनिवार, म्हणून मोजणी रविवारपासून आणि पेंटेकॉस्टही कायम रविवारीच. यहूदी परंपरेत पहिली रीत टिकली. रब्बींची परंपरा न मानणारे कराई यहूदी आणि शोमरोनी लोक आजही रविवार धरतात. वर्गात याचा निकाल लावायच्या फंदात पडू नका. एवढं दाखवा की योहानाच्या शुभवर्तमानाच्या कालक्रमाने गेलं तर त्या वर्षी निसान १६ रविवारीच येतो आणि दोन्ही रीती एकाच दिवशी जुळतात. तोच पुनरुत्थानाचा रविवार.

म्हणून पौल १ करिंथ १५:२० मध्ये ख्रिस्ताला ‘प्रथमफळ’ म्हणतो तेव्हा तो शब्द नुसता शोभेचा राहत नाही. पहिली पेंढी ओवाळली गेली की उरलेलं शेत येणार, याची ती खूण असते. रोम ८:२३ मध्ये तोच शब्द पवित्र आत्म्यासाठी आला आहे. चौकटीतल्या पहिल्या आणि पन्नासाव्या चौकोनाशेजारी हे दोन संदर्भ लिहून ठेवा.

भाकरी दोन, आणि खमीर घातलेल्या

पन्नासाव्या दिवशीचं अर्पण नीट वाचायला लावा. एफाच्या दोन दशांश सपीठाच्या दोन भाकरी. एफा साधारण २२ लिटरचं माप, म्हणजे दोन्ही मिळून सुमारे साडेचार लिटर पीठ. सोबत सात कोकरे, एक गोऱ्हा, दोन मेंढे, पापार्पणाचा एक बकरा आणि शांत्यर्पणाची दोन कोकरे. आणि भाकरी खमीर घालून भाजायच्या. सात आठवड्यांपूर्वी घरातून खमीर काढून टाकायला सांगणारा ग्रंथच इथे ते घालायला सांगतो.

खमीर म्हणजे पाप, असं समीकरण डोक्यात पक्कं बसलेले श्रोते इथे अडखळतात. त्यांना अडखळू द्या. मग दाखवा की लेवीय २:११–१२ प्रमाणे खमिराचं काहीही वेदीवर जाळता येत नाही, म्हणून या भाकरी जाळत नसत. त्या ओवाळून याजकाला देत. बेखमीर भाकर ही मिसरातून घाईने निघाल्याची आठवण, तर खमिराची भाकर म्हणजे स्वतःच्या शेतातल्या गव्हाची रोजची भाकर. ‘एक भाकर यहूद्यांची, दुसरी परराष्ट्रीयांची’ हा अर्थ अनेक प्रवचनांत ऐकू येतो. कल्पना म्हणून तो सुरेख आहे, पण लेवीयात तसा एक शब्दही नाही. सांगायचाच तर ‘नंतरच्या वाचकांनी लावलेला अर्थ’ म्हणून सांगा.

सीनायचा धागा जपून ओढा

शावुओत हा आज यहूदी लोकांसाठी सीनाय डोंगरावर नियमशास्त्र मिळाल्याचा दिवस आहे. त्या रात्री जागून अभ्यास करतात, दहा आज्ञा वाचतात, रूथचं पुस्तक वाचतात, दुधाचे पदार्थ खातात. इथून ‘सीनायवर नियमशास्त्र, यरुशलेमात आत्मा’ अशी सरळ रेघ ओढायचा मोह होतो. मात्र बायबलमध्ये कुठेही सप्ताहांच्या सणाचं कारण म्हणून सीनाय दिलेला नाही. निर्गम १९:१ मध्ये इस्राएल लोक तिसऱ्या महिन्यात सीनायच्या रानात आले, एवढंच आहे. सण तिसऱ्या महिन्यातला, म्हणून जोड सहज बसते. इ. स. पू. दुसऱ्या शतकातल्या ‘योबेल’ या ग्रंथात हा सण नोहाबरोबरच्या कराराशी जोडला आहे, म्हणजे करार आणि हा सण यांचं नातं लूकच्या आधीचं आहे. इ. स. ७० मध्ये मंदिर पडलं, भाकरी ओवाळायची जागाच उरली नाही, आणि पुढे रब्बींच्या, म्हणजे यहूदी धर्मगुरूंच्या, परंपरेत नियमशास्त्राचा अर्थ पुढे आला. हे एवढ्याच क्रमाने सांगितलं तर कुणी बोट ठेवू शकणार नाही.

साम्य मात्र डोळ्यांत भरणारं आहे. निर्गम १९ मध्ये गर्जना, अग्नी, धूर, थरथरणारा डोंगर. कृत्ये २ मध्ये आकाशातून नाद, सुसाट वाऱ्यासारखा आवाज, अग्नीच्या जिभांसारख्या जिभा. पहिल्या शतकातला अलेक्झांड्रियाचा यहूदी विचारवंत फिलो तर सीनायविषयी लिहिताना ज्वालेचीच ऐकणाऱ्यांच्या ओळखीच्या भाषेत वाणी झाली, असं वर्णन करतो.

एक जोडी मात्र जपून वापरा. निर्गम ३२:२८ मध्ये सुमारे ३००० माणसं पडली आणि कृत्ये २:४१ मध्ये सुमारे ३००० माणसांची भर पडली. आकडे जुळतात, पण सोन्याच्या वासराचा प्रसंग नियमशास्त्र मिळण्याच्या दिवसाचा नाही. मोशे ४० दिवस डोंगरावर राहिला, त्यानंतरचा आहे. ‘त्याच दिवशी ३००० मेले’ असं सांगितलंत तर वर्गातला एखादा सावध वाचक निर्गम २४:१८ काढून दाखवेल.

कृत्ये २ वाचताना

आता हा अध्याय काढा. वल्हांडण, सप्ताहांचा सण आणि मंडपांचा सण या तीन यात्रांना देवासमोर हजर होण्याची आज्ञा होती (अनुवाद १६:१६), म्हणून दूरदूरचे यहूदी शहरात होते. वचने ९–११ मधली नावं नकाशावर दाखवा: पूर्वेकडे पार्थी, मेदी, एलामी, मग मेसोपोटेम्या, यहूदीया, उत्तरेला कप्पदुकिया, पंत, आशिया, फ्रुगिया, पंफुलिया, दक्षिणेला मिसर आणि लिबुवा, पश्चिमेला रोम, शेवटी क्रेतीय आणि अरब. इथला ‘आशिया’ म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम भागातला रोमी प्रांत. नकाशावर आख्खं आशिया खंड रंगवू नका.

लूक तीनदा सांगतो, वचने ६, ८ आणि ११ मध्ये, की लोकांनी आपापल्या भाषेत ऐकलं. करिंथच्या मंडळीत अन्य भाषांना अर्थ सांगणारा लागत असे (१ करिंथ १४). इथे तो लागत नाही. दोन्ही उतारे एकात मिसळले की चर्चा भरकटते. गटात वेगवेगळ्या भाषांची बायबलं असतील तर वचन ११ एकेकाने आपल्या भाषेत वाचावं. सगळ्यांना एकदम वाचायला लावणं हा लोकप्रिय प्रयोग आहे, पण त्यातून नुसता गोंगाट हाती येतो, आणि गोष्ट तर समजण्याची आहे. तो भाषांचा गोंधळ झालेल्या बाबेलचा (उत्पत्ती ११) देखावा होतो, पेंटेकॉस्टचा नाही.

‘पवित्र आत्मा पहिल्यांदा याच दिवशी आला’ हेही चुकीचं. गणना ११:२५ मध्ये तो ७० वडिलांवर येतो, आणि चार वचनांनंतर मोशे म्हणतो की परमेश्वराचे सगळेच लोक संदेष्टे असते तर किती बरं झालं असतं. कृत्ये २ मध्ये नवं काय, तर तो ‘सगळ्यांवर’ ओतला गेला. हे पटवायचं असेल तर एक काम करा. अनुवाद १६:११ आणि योएल २:२८–२९ शेजारी शेजारी लिहा. अनुवादात सणाचा आनंद कुणी करायचा त्याची यादी आहे: तू, तुझे मुलगे आणि मुली, दास आणि दासी, लेवी, उपरी, अनाथ, विधवा. योएलात आत्मा कुणावर ओतला जाईल त्याची यादी आहे: मुलगे आणि मुली, वृद्ध आणि तरुण, दास आणि दासी. पेत्र सकाळी नऊच्या सुमारास उभा राहून योएल वाचतो तेव्हा यात्रेकरूंना हे शब्द सणाच्या आज्ञेतूनच ओळखीचे असणार. दोन्ही याद्यांतले सारखे शब्द लोकांना स्वतः अधोरेखित करू द्या आणि तुम्ही दोन मिनिटं गप्प राहा.

तारीख काढताना

मंडळीच्या दिनदर्शिकेत पुनरुत्थानाचा रविवार हा दिवस १. त्यात ५० मिळवले की सोमवार येतो; ४९ मिळवायचे. २०२६ मध्ये पुनरुत्थानाचा सण ५ एप्रिलला. एप्रिलचे २६ दिवस आणि मेचे २४, बेरीज ५०. म्हणून पेंटेकॉस्ट २४ मे. चाळिसावा दिवस गुरुवार, १४ मे, स्वर्गारोहणाचा. पाश्चिमात्य मंडळ्यांत हा सण १० मे ते १३ जून या दरम्यानच पडतो. ऑर्थोडॉक्स मंडळ्यांचा पुनरुत्थानाचा सण २०२६ मध्ये १२ एप्रिलला, म्हणून त्यांचा पेंटेकॉस्ट ३१ मे.

यहूदी शावुओत सिवान या यहूदी तिसऱ्या महिन्याच्या ६ तारखेला असतो. २०२६ मध्ये तो २१ मेच्या सूर्यास्तापासून लागतो. इस्राएलबाहेर बरेच जण दोन दिवस पाळतात. दोन्ही सण दरवर्षी इतके जवळ येतील असं मात्र समजू नका. २०२४ मध्ये यहूदी वर्षात अधिक महिना होता, त्यामुळे ख्रिस्ती पेंटेकॉस्ट १९ मेला झाला आणि शावुओत १२ जूनला.

उपासनेत लाल रंग अग्नीसाठी. ऑर्थोडॉक्स परंपरेत हिरवा रंग आणि हिरव्या फांद्या. इ. स. ३२५ च्या निकिया परिषदेने या पन्नास दिवसांत गुडघे न टेकता उभ्याने प्रार्थना करावी, असा नियम केला होता. ऑर्थोडॉक्स मंडळी पेंटेकॉस्टच्या सायंप्रार्थनेत पुन्हा गुडघे टेकतात.

शेवटची दहा मिनिटं

ती लेवीय २३:२२ साठी ठेवा. सणाच्या विधींची यादी संपते आणि मध्येच ही आज्ञा येते: कापणी करताना शेताचे कोपरे साफ कापू नका, पडलेली कणसं वेचू नका, ती गरिबांसाठी आणि उपऱ्यांसाठी राहू द्या. वाचणारे बहुधा हे वचन गाळतात, कारण ते सणाचं वाटतच नाही. रूथ ही मवाबी विधवा नेमकी अशीच कणसं वेचत होती, जवाच्या हंगामापासून गव्हाच्या हंगामापर्यंत (रूथ २:२३), म्हणजे याच पन्नास दिवसांच्या आसपास. हे वाचून झालं की मध्ये काही न बोलता कृत्ये २:४४–४५ काढा, जिथे विश्वास ठेवणारे जमीनजुमला विकून ज्याला जशी गरज तसं वाटून देतात, आणि विचारा: आपल्या शेताचा कोपरा कोणता?