‘संशयकल्लोळ’ वाचताना तसबीर कुणाच्या हातात आहे ते बघा

सोलापुरात मराठी घेऊन बी.ए. करणारी मुलं असोत, की हुतात्मा स्मृतिमंदिरात प्रयोग लावायची खटपट करणारी हौशी मंडळी, गोविंद बल्लाळ देवलांच्या ‘संगीत संशयकल्लोळ’ या नाटकाशी दोघांचीही गाठ कधी ना कधी पडते. आणि दोघांची गाडी एकाच ठिकाणी अडते: ‘विषय – संशय’ एवढं लिहून किंवा समजून मोकळं व्हायचं. पण एका शब्दात आशयसूत्र मावत नाही. त्याला कर्ता लागतो, क्रियापद लागतं. कोण संशय घेतं, कशावरून घेतं आणि मग काय करून बसतं?

हे सापडायला सोपी वाट नाटकात हातोहात फिरणाऱ्या तसबिरीची. वाचनालयाच्या प्रतीवर खुणा करू नका. एका मोठ्या कागदावर चार रकाने आखा. प्रवेश, तसबीर कुणाकडे, बघणाऱ्याला काय दिसलं, खरं काय घडलं. पहिल्या वाचनात नुसतं वाचा आणि हसा. दुसऱ्या वाचनात रकाने भरा.

सुरुवात अशी होईल. रेवतीला भोवळ येते, फाल्गुनराव तिला सावरतो आणि नेमकं ते त्याची बायको कृत्तिका बघते. रेवतीच्या हातून पडलेली तिच्या प्रियकराची, अश्विनशेठची, तसबीर कृत्तिकेला सापडते. ती न्याहाळत असताना फाल्गुनराव येतो. परपुरुषाची तसबीर बायकोच्या हातात! तसबीर आता त्याच्या ताब्यात जाते. पुढे आपलीच तसबीर फाल्गुनरावाकडे बघून अश्विनशेठ हादरतो, कारण ती त्यानं रेवतीला दिलेली असते. वस्तू एकच, पण हात बदलला की नवा संशय जन्माला येतो.

आता तिसरा रकाना वरून खाली वाचा. त्यात खोटं काहीच नाही. फाल्गुनरावानं रेवतीला खरंच धरलं होतं, कृत्तिका तसबीर खरंच न्याहाळत होती. पुरावा दरवेळी अस्सल, अर्थ तेवढा चुकीचा. म्हणून आशयसूत्र साधारण असं मांडा: प्रेमात माणूस डोळ्यांनी पाहिलेल्याचा अर्थ समोरच्याला विचारत नाही, स्वतःच लावतो आणि मग तो पक्का करायला पाळत ठेवतो. एवढं एक वाक्य धड जमलं तर दहा गुणांच्या उत्तराचा कणा तयार झाला.

नाट्यगत उपरोधही याच कागदावर मिळतो. प्रेक्षकाकडे चौथा रकाना असतो, पात्राकडे फक्त तिसरा. उत्तरात ‘येथे उपरोध आहे’ एवढंच लिहिलंत तर गुण जातात. पात्राला काय ठाऊक नाही आणि आपल्याला काय ठाऊक आहे, ही दोन्ही अंगं लिहा. स्वगतांचं कामही इथंच कळतं. संशयी माणूस प्रश्न मोठ्यानं विचारत नाही, प्रेक्षकांकडे वळून स्वतःच निकाल देतो. स्वगत काढून तिथं थेट प्रश्न टाकून बघा, गैरसमज दोन मिनिटांत मिटेल आणि नाटक संपेल.

रचनेत दोन जोड्या समोरासमोर आहेत: संसारात मुरलेले फाल्गुनराव-कृत्तिका आणि लग्नाच्या उंबरठ्यावरचे अश्विनशेठ-रेवती. नवरा जितका संशयी तितकीच बायकोही, हा समतोल सगळे टिपतात. त्यापुढचं फार जण सोडून देतात. संशयाची किंमत चौघांना सारखी नाही. रेवती नायकिणीच्या, म्हणजे कलावंतिणीच्या, घरातली. कृत्तिकेवर आळ आला तर घरात भांडण होतं. रेवतीवर आला की तिच्या घराण्याचा शिक्का लगेच पुढे येतो आणि लग्नच धोक्यात येतं. या प्रेमकथेतलं सगळ्यात गंभीर सूत्र हेच, आणि ते विनोदाच्या पोटात दडलेलं असल्यामुळे हसता हसता निसटतं.

नावांची गंमतही नोंदवा. पुरुषांना महिन्यांची नावं, बायकांना नक्षत्रांची. रेवती शेवटचं नक्षत्र, अश्विन महिन्याचं अश्विनी पहिलं. म्हणजे चक्रात ती शेजारी-शेजारी येतात. कृत्तिकेचा महिना मात्र कार्तिक, फाल्गुन नव्हे. देवलांनी हे असंच योजलं होतं असं ठणकावून लिहू नका, ‘असं वाचता येतं’ म्हणा.

अलंकारांसाठी पदांकडे जा. ‘हृदयीं धरा हा बोध खरा’ या पदात संशयाला ‘खट झोटिंग’ म्हटलंय आणि कल्पनेला निशाचरी. ‘रूपक आहे’ म्हणून थांबू नका. मनातला विकार इथं मानगुटीवर बसणारं भूत झालाय, म्हणजे चेतनगुणोक्तीही (निर्जीवाला सजीव मानणं) आहे. शिवाय झोटिंगाला थारा देणारा आपणच, हे नाटकभर पाहिलेलं तिथं एका ओळीत येतं.

मूळ स्रोतावर अर्धं पान खर्चू नका. फ्रेंच नाटककार मोलिएरचं १६६० चं प्रहसन, त्यावरून आर्थर मर्फीचं १७६१ चं इंग्रजी नाटक, त्यावरून देवलांचं १८९३ चं गद्य ‘फाल्गुनराव’ आणि १९१६ मध्ये गंधर्व नाटक मंडळीनं रंगभूमीवर आणलेलं संगीत रूप. दोन ओळी पुरेत.

प्रयोग करणाऱ्यांसाठी थोडं वेगळं. तसबीर खिशातल्या फोटोएवढी ठेवली तर मागच्या रांगांना ती दिसतच नाही आणि सगळा डोलारा कोसळतो. अर्ध्या वहीच्या पानाएवढी घ्या, पण काच काढून टाका, नाहीतर दिव्याच्या झोतात चेहऱ्याऐवजी नुसता चकाकता चौकोन दिसतो. फाल्गुनरावाला विदूषक करू नका. त्याला स्वतःच्या तर्काची शंभर टक्के खात्री असते, तो मनापासून तळमळतो, म्हणूनच हसू येतं. नटच आधी हसला तर प्रेक्षक गप्प बसतात. स्वगताला मान वळवली की समोरच्या पात्रानं हातातलं काम चालू ठेवायचं. पुतळ्यासारखं उभं राहिलं की दृश्य मरतं.

वेळ कमी करायला पहिली कात्री पदांवर चालते, तिथं सांभाळा. ‘कर हा करीं धरिला शुभांगी’ किंवा ‘मृगनयना रसिक मोहिनी’ कापलंत तर अश्विनशेठ रेवतीवर प्रेम करतो हे प्रेक्षकाला नुसतं ऐकून माहीत होतं, जाणवत नाही. मग तो संशय घेतो तेव्हा काय मोडतंय हेच कळत नाही आणि उरतं ते फक्त प्रहसन. आलापी आटोपती घ्या, पद ठेवा.